धूळ होती म्हणे

चि. बाय हिस,
अ. उ. आ.

रविवारी संध्याकाळी माझ्या पडवीत बसून तू चहा गार केलास आणि उठता उठता विचारलंस, "अण्णा, मी लिहिलं ते चुकलं का?" तेव्हा मी काही बोललो नाही, कारण राग आला होता. तो उतरायला तीन दिवस लागले. आता लिहितो.

हो, चुकलं.

शर्यतीत तिसऱ्या वळणावर, गडग्यामागे तू मार्शल म्हणून उभी होतीस. लाल झेन पांढऱ्या मारुतीला लागली, मारुती गर्रकन फिरून टायरांच्या रांगेत जाऊन बसली आणि झेन पहिली आली. तुझ्या चिठ्ठीत एकच ओळ होती: 'धुळीमुळे नीट दिसलं नाही.' मी स्टार्टला होतो. तिथून तिसरं वळण दिसत नाही, म्हणून तर तिथे माणूस उभा करायचा. झेनवाल्याच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये तू अप्रेंटिस आहेस, हे मला ठाऊक आहे. सड्यावर जानेवारीत धूळ असते, हेही ठाऊक आहे. पण त्या हीटच्या, म्हणजे त्या शर्यतीच्या आधी पाण्याचा टँकर फिरला होता, बाय. ती तांबडी माती अजून माझ्या चपलांना चिकटलेली आहे.

दिसलं तेवढं लिहायचं. मार्शलला दुसरं कामच नाही.

तुझी गफलत कुठे झाली ते सांगतो. तुला वाटलं, आपण लिहिलं की त्या पोराला शिक्षा होणार, म्हणजे ती आपणच केली. तू शिक्षा करत नाहीस. तुझ्यावर सीओसी आहे, म्हणजे शर्यत चालवणारा क्लार्क ऑफ द कोर्स, आणि त्याच्यावर स्टुअर्ड, म्हणजे निवाडा करणारे पंच आहेत. ताकीद म्हणून काळा-पांढरा तिरका झेंडा दाखवायचा, की नंबरासकट काळा झेंडा दाखवून गाडी आत बोलवायची, हा त्यांचा घोर. पण त्यांनी ठरवायचं कशाच्या जोरावर? तुझ्या डोळ्यांच्या. तू कोरी चिठ्ठी दिलीस तेव्हा कुणाच्याच बाजूची राहिले नाही असं तुला वाटलं असेल. झेनची बाजू घेतलीस तू.

आता लिहायचं काय, ते नीट ऐक, कारण हे कुणी शिकवत नाही. झेंडा कसा धरायचा, पिवळा कधी हलवायचा, हे सगळे सांगतात. बघायचं कुठे, ते सांगत नाहीत. वळणात शिरताना पुढचा गाडीवाला ब्रेक मारतो, वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. सरळ पट्ट्यावर बंपरला बंपर लागला तर बहुतेक वेळा नुसता आवाज होतो. तोच धक्का वळणाच्या तोंडाशी, मागच्या चाकाजवळच्या कोपऱ्याला लागला, की गाडी भोवऱ्यासारखी फिरते. म्हणून 'जोरात ठोकलं' असलं काही लिहू नकोस, कुठे लागलं ते लिही. मागच्या गाडीचं नाक खाली गेलं होतं का? गेलं असेल तर त्यानं ब्रेक मारला होता. त्याची पुढची चाकं कुठल्या बाजूला वळलेली होती? आतल्या बाजूला एक गाडी मावेल एवढी जागा उरली होती का? त्याचं नाक पुढच्याच्या दारापर्यंत पोचलं होतं, की मागच्या बंपरशीच होतं? गाडी नंबर, फेरी, वळण आणि एवढं. चार ओळी होतात.

आणि 'मुद्दाम' हा शब्द लिहायचा नाही. मुद्दाम डोळ्यांना दिसत नाही. नाक दिसतं, चाक दिसतं. दिसलं तेवढंच.

मोठ्या ठिकाणी तरी काय वेगळं असतं? 11 ऑगस्ट 2024 ला अमेरिकेत रिचमंडच्या पाऊण मैलाच्या ट्रॅकवर नॅसकारची, म्हणजे तिकडच्या मोठ्या मोटार-मालिकेतली शर्यत होती. शेवटच्या फेरीत ऑस्टिन डिलननं आधी जोई लोगानोला फिरवलं, मग डेनी हॅमलिनला, आणि शर्यत मारली. त्यांच्याकडे गाडीगाडीचा डेटा, रेडिओवरचं बोलणं, दहा बाजूंनी घेतलेलं चित्रण. तरी निर्णय यायला बुधवार उजाडला. विजय त्याच्या नावावर ठेवला आणि त्या विजयानं मिळणारी प्लेऑफची, म्हणजे मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या लढतीतली जागा मात्र काढून घेतली. मला विचारशील तर हा निवाडा अर्धवट आहे. पण अर्धवट का होईना, त्यांच्यासमोर मांडायला काहीतरी होतं. आमच्याकडे सड्यावर कॅमेरा कुठला? दोनचार पोरांचे मोबाइल, तेही आपापल्या दोस्ताच्या गाडीवर रोखलेले. बाकी तुझे दोन डोळे.

तू म्हणशील, अण्णाला बोलायला काय जातं. तर ऐक. 1998 साली मीही असाच वळणावर उभा होतो. माझ्या दोस्तानं एका पोराला बांधाखाली घातलं. मी लिहिलं, 'धूळ होती.' हेच शब्द, बाय. म्हणून तुझी चिठ्ठी वाचून माझा हात थरथरला. त्या पोरानं मामाची गाडी मागून आणली होती, पुन्हा काही तो शर्यतीला आला नाही. आता बाजारात त्याचं दुकान आहे. एवढी वर्षं झाली, तरी मी समोरून गेलो की हसून विचारतो, "काय अण्णा, धूळ कमी झाली का?" भांडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी कडक झालो. सीओसी असताना सख्ख्या भाच्याला शेवटून दुसऱ्या फेरीला काळा झेंडा दाखवला. बहिणीनं दोन वर्षं गणपतीला बोलावलं नाही. गावात गजाली झाल्या, की म्हाताऱ्याला नियमाचं वेड लागलंय. मी आजही म्हणतो की झेंडा बरोबर होता. वळणावरच्या मार्शलनं नाक, चाक, कोपरा सगळं लिहून दिलं होतं. फक्त रिपोर्टात मी माझ्या हातानं वर 'मुद्दाम' जोडलं. त्याची गरज नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी चिठ्ठी यायच्या आधीच माझा हात काळ्या झेंड्याच्या दांड्यावर होता. जुनी धूळ भाच्याच्या अंगावर झटकली मी. पण झेंडा बरोबर होता. असो, ते बहिणीला कळायचं नाही आणि तुला सांगायचं कारणही नाही.

नोकरीचं म्हणशील, तर त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मालक बोलेल, कदाचित महिनाभर तोंड फुगवेल. ते मी तुझ्याऐवजी सोसू शकत नाही. पण पुढच्या वेळी त्याच्या पोराची गाडी असेल तेव्हा आधीच सीओसीला सांग आणि दुसरं वळण मागून घे. त्यात लाज कसली? मला हे 1998 साली सुचलं नाही.

निकाल आता बदलणार नाही. तक्रारीची मुदत गेली आणि ट्रॉफी त्यांच्या काचेच्या कपाटात गेली. तरी दुसरी चिठ्ठी लिहून दे. सीओसीशी मी बोललोय, तो फाइलला लावील. पांढरी मारुती डेंटिंगला माझ्याकडेच आली आहे आणि मागच्या चाकाजवळ लाल रंग कुठे लागलाय, किती लागलाय, ते स्पष्ट दिसतं. शनिवारपर्यंत मी त्याला हात लावत नाही. पण ते बघायला आधी येऊ नकोस. चिठ्ठी घरून लिहून आण, माझ्या हातात दे, मग गाडी दाखवतो.

तुझा,
अण्णा