वय ४३, नोकरी करत एलएल.बी., पहिल्याच सेमिस्टरला दोन केटी. खासगी क्लास लावू का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीला राहता, तुर्भ्याला नोकरी करता, बी.कॉम. होऊन एकवीस वर्षं झाली आणि शाळा-कॉलेज सगळं मराठी माध्यमातून झालं. सीईटी देऊन तीन वर्षांच्या एलएल.बी.ला सकाळच्या बॅचमध्ये प्रवेश मिळवलात आणि पहिल्याच सेमिस्टरला करार आणि टॉर्ट्स (दिवाणी स्वरूपाची अपकृत्यं) या पेपरांत केटी लागली, म्हणजे नापास झालात आणि ते पेपर पुन्हा द्यावे लागणार. ठाणे स्टेशनजवळचा एक क्लास वर्षाचे बत्तीस हजार मागतोय. तो लावावा का, की या वयात हा नाद सोडावा, असं तुम्ही विचारलंय.

सोडू नका. क्लासचे पैसेही आत्ताच भरू नका. आधी दोन्ही उत्तरपत्रिकांच्या छायाप्रतींसाठी अर्ज करा. निकालानंतर त्याची मुदत थोडीच असते, म्हणून हे काम आजच करा.

मी एकेचाळिसाव्या वर्षी एलएल.बी.ला गेले. त्याआधी सतरा वर्षं एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या हिशेबखात्यात काम केलं होतं. माझीही पहिल्या सेमिस्टरला करारातच केटी लागली आणि मीही घाबरून क्लास लावला. शिकवणारे सर उत्तम होते. शनिवारी-रविवारी तीन-तीन तास बसायचे आणि उठताना सगळं समजल्यासारखं वाटायचं. पुढच्या परीक्षेत त्याच पेपरात पुन्हा नापास झाले. तेव्हा छायाप्रत मागवली. एका प्रश्नाला साडेतीन पानं लिहिली होती आणि गुण मिळाले होते दोन. ती पानं घेऊन कॉलेजातल्या एका मॅडमकडे गेले. त्यांनी उभ्या उभ्या वाचली आणि एवढंच विचारलं, "यात कायदा कुठे आहे?"

खरंच नव्हता. वर्षभरात मला शिकवणारे खूप भेटले होते, पण माझं लिहिलेलं कुणी वाचलंच नव्हतं.

आपल्यासारख्या उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांची गोची इथेच होते. बावीस वर्षांच्या मुलाला व्यवहार माहीत नसतो, म्हणून तो पुस्तकातलं कलम लिहितो. आपल्याला व्यवहार माहीत असतो, म्हणून आपण व्यवहार लिहितो. सोसायटीचे सेक्रेटरी, नर्स, दुकानदार, पोलीस खात्यातले, बँकेतले असे किती तरी जण माझ्याकडे उत्तरं घेऊन येतात आणि जवळपास सगळ्यांचं पहिलं उत्तर एकाच प्रकारे चुकलेलं असतं. प्रत्यक्षात काय होतं आणि काय व्हायला हवं, हे त्यात असतं. ज्या नियमाच्या जोरावर ते म्हणायचं, तो नियम नसतो.

एक उदाहरण देते. सोळा वर्षांचा मुलगा आपलं वय अठरा सांगून हप्त्यावर मोबाइल घेतो. दोन हप्ते भरतो आणि थांबतो. दुकानदार उरलेल्या पैशांसाठी दावा करू शकतो का? कोपरखैरण्यात स्वतःचं दुकान चालवणाऱ्या एका ताईंनी लिहिलं होतं: "मुलाने खोटे सांगून दुकानदाराची फसवणूक केली आहे. दुकानदाराचे नुकसान झाले असल्याने मुलाच्या पालकांनी पैसे भरले पाहिजेत." दुकानदार म्हणून त्यांचा जीव तुटतो, ते मला कळतं. पण परीक्षेत याला फार तर एक गुण मिळेल.

आम्ही दोघींनी मिळून तेच उत्तर पुन्हा लिहिलं. आधी मुद्दा एका वाक्यात: अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, व्यक्तीशी केलेला करार दुकानदाराला अंमलात आणता येईल का? मग कायदा: भारतीय करार अधिनियम, १८७२. कलम १० म्हणतं, करार करणारे पक्ष सक्षम हवेत. सक्षम कोण, ते कलम ११ मध्ये आहे. माणूस सज्ञान हवा, त्याचं मन ठिकाणावर हवं आणि त्याला लागू असलेल्या कोणत्याही कायद्याने तो अपात्र ठरलेला नसावा. मग निवाडा: मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय), १९०३. अज्ञान मुलाने घर गहाण टाकलं होतं आणि तो व्यवहार मुळातूनच शून्य ठरला. त्यानंतर हा कायदा आपल्या मोबाइलला लावायचा: मुलगा सोळाचा, म्हणून करारच झालेला नाही, त्यामुळे उरलेल्या हप्त्यांसाठी करारावर आधारलेला दावा टिकणार नाही. वय खोटं सांगितलं म्हणून अज्ञानाविरुद्ध एस्टॉपेल, म्हणजे 'आधी एक सांगून आता उलट म्हणता येणार नाही' हा नियम, लागत नाही. पालक करारात पक्षच नाहीत. मग दुकानदाराच्या हाती काय? स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ३३ खाली मुलाला जेवढा लाभ झाला तेवढा परत करायला न्यायालय सांगू शकतं. मोबाइल गरजेच्या वस्तूंत बसतो का (बसला, तर त्याची किंमत मुलाच्या मालमत्तेतून मागता येते), हा कलम ६८ चा मुद्दा शेवटी दोन ओळींत. हे सगळं दीड पानात बसलं. मुद्दा, कायदा, लागू करणं, निष्कर्ष हा क्रम एकदा हाताला बसला की ताईंचा दुकानाचा अनुभव कामी आला. पावती, हप्त्याचा फॉर्म, ओळखपत्र पाहिलं होतं का, हे बारकावे बावीस वर्षांच्या मुलाला सुचले नसते.

म्हणून क्लासवाल्यांना एवढंच विचारा: आठवड्याला माझी किती उत्तरं तपासून देणार आणि तपासणार कोण? "नोट्स देतो, टेस्ट सिरीज आहे, व्हिडिओ आहेत" असं उत्तर आलं, तर बत्तीस हजार घरी ठेवा. आठवड्याला दोन उत्तरं वाचून तोंडावर चूक सांगणारा माणूस मिळाला, मग तो एकट्याने शिकवणारा का असेना, तर पैसे खुशाल द्या. त्याआधी कॉलेजातल्या शिक्षकांकडे जा. लेक्चर संपल्यावर एक पानी उत्तर हातात ठेवून "हे बघाल का?" असं विचारलं, तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. आपणच वयाच्या संकोचाने मागच्या बाकावरून निघून जातो.

"अटेंडन्सचं आम्ही बघून घेतो" किंवा "घरबसल्या एलएल.बी." असं कुणी म्हणालं, तर तिथून सरळ निघा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते आणि पत्राचाराने केलेली कायद्याची पदवी सनदेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याला, चालत नाही. तीन वर्षं वाया गेलेली माणसं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

इंग्रजीची भीती तुम्ही दोनदा लिहिलीत, म्हणून त्यावर थोडं सविस्तर सांगते. कायद्याचं इंग्रजी हे बोलायचं इंग्रजी नव्हे. ते अस्खलित बोलणाऱ्यांनाही नव्याने शिकावं लागतं. कलम आधी मराठीत वाचा, मग बेअर ॲक्टमधून (कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेलं पुस्तक) इंग्रजीत, मोठ्याने. पेन्सिलीने 'अँड', 'ऑर', 'अनलेस' आणि 'प्रोव्हायडेड' या शब्दांना गोल करा. 'अँड' असेल तर सगळ्या अटी पुऱ्या व्हायला हव्यात, 'ऑर' असेल तर एक पुरते. अर्धं कलम तिथेच सुटतं. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा. आपल्याला ओळखीचे वाटणारे शब्दच इथे फसवतात. रोजच्या बोलण्यात अज्ञान म्हणजे ज्याला काही कळत नाही तो, कायद्यात मात्र अठरा पूर्ण न झालेला. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातही चक्कर मारा, १८९३ पासूनची संस्था आहे. आणि हा अभ्यास केला की पुढे उपयोगही होतो. बेलापूरच्या कोर्टात मी रोज बघते, पक्षकार मराठीत बोलतो आणि कागदही मराठीत येतात. तिथे तुमचं मराठी माध्यम कमीपणाचं नाही.

सीनियरकडून जुनी गाइडं घेताना साल बघून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खून ३०२ वरून १०३ वर गेला, ४२० ची फसवणूक ३१८ मध्ये गेली. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदाही त्याच दिवशी बदलला. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागते, म्हणून जुने आकडे कानावर पडतच राहतील. पुस्तक मात्र नवंच हवं.

वेळेचं म्हणाल, तर ऐरोली ते तुर्भे लोकलमध्ये जेमतेम एक कलम होतं, तेवढंच करा. लिहिणं रविवारी, घड्याळ लावून, दोन उत्तरं. मी आणि माझ्याबरोबरच्या तिघी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बसायचो आणि एकमेकींचे कागद अदलाबदल करून वाचायचो. त्यातल्या एकीला माझं अक्षर लागायचं नाही, म्हणून मी मुद्दे सुटे लिहायला शिकले आणि गुण वाढले. चौघींच्याही सनदा झाल्या.

नोकरी सांभाळून वकिली करता येईल का, असंही शेवटी विचारलंत. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना बार कौन्सिलच्या नियम ४९ मुळे वकिली करता येत नाही. पदवी घ्यायला मात्र काही आडकाठी नाही, त्यामुळे राजीनाम्याचा विचार आज डोक्यात नको. पुढे सनद घ्याल तेव्हा लक्षात ठेवा, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलंय की खुल्या वर्गासाठी नोंदणीचं शुल्क ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही.

छायाप्रत हातात आली की करारातलं सर्वांत कमी गुणांचं उत्तर जसंच्या तसं खाली टाइप करा. मी वाचून सांगते.