निकष, कसोटी आणि गुणतक्त्यातला ‘आशय’

प्रश्न असा आहे : वाचनालयाच्या कथास्पर्धेच्या पत्रकात ‘परीक्षणाचे निकष’ म्हणावं की ‘कसोट्या’? आणि गुणतक्त्यात विषय आणि आशय यांना वेगवेगळे गुण आहेत, ते एकच नाहीत का?

‘निकष’च लिहा. मुळात दोन्ही शब्द सोनाराच्या त्याच काळ्या दगडाचे. संस्कृत ‘कष्’ म्हणजे घासणे, त्यावरून निकष. आणि ‘कषपट्टिका’ झिजत झिजत झाली कसोटी. सोनं त्या दगडावर घासायचं, उमटलेली रेघ माहितीतल्या सोन्याच्या रेघेशी ताडून बघायची, की कस कळला. ‘कसदार कथा’ म्हणतो तो कसही याच घराण्यातला. पण मराठीत कसोटी पुढे परीक्षेच्या प्रसंगाकडे सरकली (कसोटीचा काळ, कसोटी सामना), तर निकष मोजायच्या मापापाशीच थांबला. पत्रकात तुम्ही मापंच सांगताय. कथा मात्र खुशाल ‘कसोटीला उतरू’ दे. ‘निकषात बसते’ हे आता रूढ झालंय, मला अजून खटकतं. दगडात काय बसणार?

एक मात्र करा. शब्दमर्यादा, कथा स्वरचित आणि अप्रकाशित असणं, शेवटची तारीख हे निकषांच्या यादीत घुसडू नका. त्या अटी. अट पाळली की नाही एवढंच बघायचं असतं, तिला दहापैकी सात गुण कसे देणार? पत्रकांत ही सरमिसळ फार दिसते.

आता विषय आणि आशय. हे एक नव्हेत. ‘आशय’मध्ये ‘शी’ धातू आहे, म्हणजे निजणे, पडून असणे. जलाशयात पाणी असतं, गर्भाशयात गर्भ, तसं लेखनाच्या पोटात जे असतं तो आशय. समजा, स्पर्धेला ‘पाऊस’ हा विषय दिलाय. एकीने लिहिलं, गळक्या छपराखाली पातेली मांडता मांडता सासू-सून महिन्यांनी एकमेकींशी बोलल्या. दुसऱ्याने पाऊस किती छान पडतो हे तीन पानं लिहिलं. विषय दोघांचा पाऊसच. पहिलीचा आशय अबोला सुटणं हा आहे, दुसऱ्याचा शोधावा लागेल. म्हणून विषय तुम्हीच दिला असेल तर त्याला वेगळे गुण ठेवू नका, सगळ्यांना सारखेच पडतील. विषय मुक्त असेल तर ‘विषयाची निवड’ असं लिहा.

जाता जाता : ‘निष्कर्ष’ वेगळा. तो ‘कृष्’ म्हणजे ओढणे यातला, बाहेर काढलेलं तात्पर्य. ‘परीक्षणाचे निष्कर्ष’ असं छापलंत तर निकाल आधीच लागलाय असा अर्थ होईल. आणि परीक्षकातली ‘री’ दीर्घ, कारण परि + ईक्षक. तक्त्यात ‘शुद्धलेखन’ला गुण ठेवलेत ना, मग ही आधी तपासा.