तांबडे किडे : औषधाआधी नळी

प्रश्न : माझा 200 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. झोअँथिड, मशरूम, लेदर ही मऊ कोरल आणि दोन क्लाउनफिश. काचेवर, वाळूवर आणि आता मशरूमवरही गंजाच्या रंगाचे ठिपके पसरलेत. दुकानदार म्हणतो, कुत्र्यांची जंताची गोळी विरघळवून टाका. टाकू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात नको. त्या गोळ्यांत बहुधा फेनबेंडाझोल असतं, आणि त्याने मऊ कोरलचे पॉलिप आणि गोगलगायी दगावू शकतात.

आधी तो किडाच आहे ना, ते बघा. ड्रॉपरने ठिपक्यावर पाणी मारा. लाल शेवाळ असेल तर बुळबुळीत पापुद्रा फाटून निघेल. किडा असेल तर सुटून वाहत जाईल आणि दुसरीकडे बसून सरकायला लागेल. भिंगातून त्याच्या शेपटाकडे तीन टोकं दिसली की शंका नको. हौशी मंडळी याला रेड प्लॅनेरिया म्हणतात. याच्या अंगात शैवाल राहतं, म्हणून हा दिव्याखालीच गर्दी करतो. कोरल कुरतडत नाही, पण वर दाटी करून त्याचा उजेड अडवतो. (ॲक्रोपोरा नावाचं कठीण कोरल खाणारा चपटा कृमी वेगळा, जवळजवळ पारदर्शक. त्याची धास्ती तुम्हाला नको. कठीण प्रवाळ आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते घरात असायलाच नकोत.)

आता महत्त्वाचं. हे किडे मरताना विष सोडतात. टँकभर किडे एकदम मेले की मासेही जातात, आणि लोक औषधाच्या बाटलीला शिव्या देतात. म्हणून औषध शेवटी. एअर पंपाची बारीक नळी घ्या, सायफन लावा आणि दिवे लागल्यावर किडे वर आले की रोज ओढून काढा. ते पाणी बादलीतून थेट मोरीत, सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) परत नाही. झोअँथिडजवळ हात घालताना हातमोजे घाला, त्यांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं.

शोधावे लागतील इतके कमी झाले, की मगच चपट्या कृमींसाठी मिळणारं रीफचं, म्हणजे कोरलच्या टँकचं, औषध. मात्रा ठरवायला दगड-वाळू वजा करून पाणी मोजा. 200 च्या टँकमध्ये तेवढं पाणी नसतंच. फिल्टरमधला जुना कार्बन (औषध आणि विष शोषणारा कोळसा) काढून ठेवा. ताजा कार्बन आणि पाव टँक भरेल इतकं खारं पाणी आदल्या दिवशीच तयार हवं. किडे गळून वाहू लागले की तेही नळीने ओढा, मग कार्बन टाका, पाणी बदला. मासे धापा टाकताना दिसले तर हे सगळं लगेच. आठवड्याने पुन्हा एकदा, कारण उरलेल्या एकालाही जोडीदार लागत नाही; त्याच्या अंगालाच नवे फुटतात.

पुढे पिवळा रास मासा ठेवून बघा. बरेच रास हे किडे टिपतात, सगळे नाही. त्याला झोपायला वाळू लागते आणि टँकवर जाळी, तो उडी मारतो. निळ्या रेघांची मखमली समुद्री गोगलगाय कुणी विकायला आणली तर घेऊ नका. ती फक्त असले किडेच खाते, आणि ते संपले की उपाशी मरते.