लेथवरचा व्हीएफडी ट्रिप होतोय: तीन तक्रारी, तीन वेगळी मुळं

लेथला १ एचपीची थ्री फेज मोटर, तिला सिंगल फेज २३० व्होल्टचा ड्राइव्ह (व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारं उपकरण). कट घेताना मोटर दम टाकते आणि ओव्हरलोड येतो, थांबवताना ओव्हरव्होल्टेज येतो, आणि अधूनमधून ड्राइव्हला सप्लाय देताक्षणी घरचा ईएलसीबी (अर्थकडे वीज गळली की पडणारा ब्रेकर) पडतो, असं तुम्ही लिहिलंय. ड्राइव्ह खराब असेलच असं यातून दिसत नाही. ट्रिप कोणत्या क्षणी होते ते तुम्ही नीट टिपलंय, त्यामुळे निम्मं काम झालंय. यापुढेही रीसेट दाबण्याआधी कोड लिहून ठेवा आणि त्याचा अर्थ त्याच ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये बघा, कारण कोड कंपनीगणिक बदलतात.

हात घालण्याआधी एक गोष्ट. सप्लाय काढल्यावर डिस्प्ले विझला म्हणजे आतले कपॅसिटर रिकामे झाले असं नाही. तिथे साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठलेलं असतं. दहा मिनिटं थांबा आणि पी-प्लस व एन-मायनस टर्मिनलवर (ही डीसी बसची, म्हणजे ड्राइव्हमधल्या डीसी बाजूची, दोन टोकं) मीटर डीसीला लावून खात्री करा.

आता ओव्हरलोड. माझा पहिला संशय मोटरच्या टर्मिनल बॉक्सवर आहे. आपल्याकडच्या १ एचपीच्या मोटरी बहुतेक ४१५ व्होल्ट स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधून) जोडून येतात. तुमचा ड्राइव्ह मात्र २३० च्या वर देऊच शकत नाही. स्टारमधल्या मोटरला २३० दिलं की टॉर्क (फिरवण्याची ताकद) साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मोकळी फिरते छान, पण कट लागला की बसते. बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर एका रांगेतली तिन्ही टोकं जोडणारी पट्टी काढा आणि तीन पट्ट्या उभ्या लावा, म्हणजे डेल्टा (वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) झाला. नंतर ड्राइव्हमध्ये मोटर व्होल्टेज २३०, बेस फ्रिक्वेन्सी (ज्या हर्ट्झला पूर्ण व्होल्टेज मिळतं ती) ५० आणि करंट डेल्टाचा भरा. नेमप्लेटवर फक्त स्टारचा आकडा असेल तर त्याला १.७३ ने गुणा: १.८ अँपिअर असेल तर ३.१. हा आकडा जुनाच राहिला तर डेल्टा करूनही ओव्हरलोड येत राहील. ड्राइव्हचा रेटेड आउटपुट करंट त्याहून कमी नाही ना, तेही बघा.

बॉक्समध्ये तीनच टोकं असतील तर स्टार पॉइंट वाइंडिंगच्या आत बांधलेला आहे. चांगला वाइंडर तो सोडवून सहा टोकं बाहेर काढून देतो. तोवर काम चालवायचं तर मोटर व्होल्टेज २३० आणि बेस फ्रिक्वेन्सी २८ ठेवा. २८ हर्ट्झपर्यंत पूर्ण टॉर्क मिळेल, त्यापुढे घटत जाईल. टॉर्क बूस्ट (कमी वेगाला व्होल्टेज चढवणारी सेटिंग) वाढवून हे भागत नाही, नुसती मोटर तापते.

थांबवतानाचा ओव्हरव्होल्टेज सरळ आहे. फिरता चक मोटरला जनरेटर बनवतो आणि ती वीज डीसी बसवर चढते. बस साधारण ४०० व्होल्टच्या आसपास गेला की २३० व्होल्टचे ड्राइव्ह ट्रिप होतात. डिसेलरेशन (थांबायला दिलेला वेळ) एक-दोन सेकंद असेल तर सहा-आठ करा किंवा मोकळं थांबू द्या. झटपट थांबवणं गरजेचंच असेल तर ब्रेक रेझिस्टर लावा, पण ड्राइव्हमध्ये ब्रेक चॉपर (जादा वीज रेझिस्टरकडे वळवणारा स्विच) आणि त्याचं वेगळं टर्मिनल असेल तरच. तो पी-प्लस आणि एन-मायनसमध्ये थेट लावला तर सतत तापत राहील. रात्री लाइन २६० पर्यंत चढत असेल तर बस आधीच ३६८ वर असतो, म्हणून ट्रिप कोणत्या वेळी होते तेही बघा.

ईएलसीबीचं कारण बहुधा ड्राइव्हमधला ईएमआय फिल्टर (विजेतला गोंगाट अडवणारा). त्याचे कपॅसिटर अर्थकडे थोडा करंट सोडतातच, सप्लाय देताना जास्त. त्यात फ्रिज, कॉम्प्युटरची गळती मिसळली की ३० मिलीअँपिअर गाठायला वेळ लागत नाही. वर्कशॉपला वेगळा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (ईएलसीबीचंच काम करणारा ब्रेकर) द्या. साधा एसी टाइप नको. मॅन्युअल सांगेल तो, सहसा ए किंवा एफ. काही ड्राइव्हला फिल्टर अर्थपासून सोडवायचा स्क्रू असतो, तो चालेल. अर्थची वायर काढणं हा मात्र उपाय नाही, ती काढली तर लेथची बॉडीच झटका देईल.

तरीही ईएलसीबी पडला तर मोटरकडे जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यू तिन्ही वायरी ड्राइव्हपासून सोडवा आणि मोटर ५०० व्होल्ट मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासा. १ मेगाओहमच्या खाली वाचन आलं तर वाइंडिंग ओलं किंवा जळकं आहे. वायरी न सोडवता मेगर मारला तर ड्राइव्हच उडेल.

ड्राइव्हवर शंका राहिलीच तर सप्लाय काढून, बस रिकामा झाल्यावर, मोटर सोडवलेली असतानाच मीटर डायोडवर ठेवा. लाल टोक एन-मायनसला, काळं यू, व्ही, डब्ल्यूला एकेक करून. मग काळं पी-प्लसला आणि लाल त्या तिघांना. सहाही वेळा ०.३ ते ०.६ यायला हवं आणि आकडे जवळपास सारखे हवेत. कुठे शून्य आलं तर पॉवर मॉड्यूल शॉर्ट आहे. मग तो ड्राइव्ह पुन्हा सप्लायला लावू नका.