क्रीजर निवडण्याआधी कातडे कोणते आहे ते पाहावे

आपण विचारले आहे की घरच्या घरी कंबरपट्टे आणि पाकिटे बनवताना कडेला शोभेची रेघ दाबून उमटवणारे हत्यार, म्हणजे क्रीजर, स्क्रूने अंतर बदलता येणारे घ्यावे, ठरावीक अंतराचे घ्यावे की थेट इलेक्ट्रिक घ्यावे. याच प्रश्नावरून आमच्या घरात गेली ११ वर्षे वाद चालू आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आम्ही कोल्हापूरचे. वडील चपला करत. मी आणि माझे थोरले चुलत बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, पट्टे आणि पिशव्या करतो. वाद सुरू झाला त्या वर्षी पुण्याच्या एका दुकानदाराने २४ पट्टे मागवले होते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, जाडी ३.५ मिलिमीटर, फिकट बदामी रंग आणि वरून कोणताही रंग द्यायचा नाही, अशी त्याची अट होती. वडील अशा कामाला म्हशीच्या शिंगाचे हत्यार वापरत. ते वीतभर लांब होते आणि त्याच्या टोकाला एक पायरी कोरलेली होती. पायरीचा लांब भाग पट्ट्याच्या कडेला टेकून सरकत असे आणि आखूड भाग कडेपासून ३ मिलिमीटर आत कातडे दाबत जाई. वर्षानुवर्षांच्या वापराने ते टोक काचेसारखे गुळगुळीत झाले होते. मला मात्र अंतर कमीजास्त करता येणारे हत्यार हवे होते, म्हणून मी मुंबईहून पोलादी स्क्रूचे क्रीजर आणले.

कातडे स्पंजाने ओले केले आणि लगेच रेघा ओढायला बसलो. १२ पट्टे झाले. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात काही जाणवले नाही, पण सकाळी अंगणात नेऊन पाहिले तेव्हा प्रत्येक रेघ निळसर काळी पडलेली होती आणि काळेपणा रेघेच्या दोन्ही बाजूंना झिरपला होता. वडिलांनी एक पट्टा उचलून उन्हात धरला आणि म्हणाले, "अरे, ही तर शाई झाली." ते अक्षरशः खरे होते. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, यांपासून पूर्वी काळी शाई करत. सालीत कमावलेल्या ओल्या कातड्याला उघडे लोखंड लागले की तीच क्रिया घडते. वडिलांनी पाणी घातलेला लिंबाचा रस कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने फिरवला आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसून घेतले. आठ पट्टे वाचले. उरलेले चार काळे रंगवून दुसरीकडे विकावे लागले.

दादांनी यावरून निष्कर्ष काढला की हाताच्या हत्यारांचे दिवस गेले, आणि इलेक्ट्रिक क्रीजर विकत आणले. राहिलेल्या १२ पैकी पहिल्याच ओलसर पट्ट्यावर त्याचे तापलेले टोक फिरवले तेव्हा डाग पडला नाही, पण रेघ करपली आणि बक्कल बसवण्यासाठी पट्टा दुमडताच रेघेवर कातडे तडकले. सालीत कमावलेले कातडे ओले असताना फारच कमी उष्णता सोसते. उरलेले ११ पट्टे शेवटी शिंगाच्या हत्यारानेच पूर्ण झाले.

दादा आजही म्हणतात की स्वच्छ रेघ हवी तर वीज हवी. माझे स्पष्ट मत आहे की दोष हातहत्याराचा नव्हता; तो उघड्या लोखंडाचा आणि माझ्या घाईचा होता. सालीत कमावलेल्या कातड्याला उष्णतेची गरजच नसते. ते ओले करून थांबावे. वरचा रंग जवळजवळ मूळ रंगावर यावा, पण गालाला लावल्यावर गार लागावे, तेव्हा रेघ ओढावी. पहिला हात हलका, केवळ वाट धरण्यापुरता, आणि दुसरा दाबून. अशी दाबलेली रेघ टिकते आणि तिच्या तळाला आपोआप चकाकी येते.

म्हणून पट्ट्यांसाठी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या टोकाचे क्रीजर घ्यावे. एकाच मापाचे पट्टे करणार असाल तर ठरावीक अंतराचे उत्तम, कारण ते हातात बदलत नाही. स्क्रूचे घ्यायचे असेल तर त्याच्या पात्या जाड आहेत ना, ते दाबून पाहावे. पातळ पात्या जोर लावला की फाकतात आणि रेघ पट्टाभर आतबाहेर होते. टोकाची धार नखावर फिरवून तपासावी. नखावर ओरखडा उठला तर ते टोक कातडेही कापेल. मग बारीक पॉलिश पेपरने ते बोथट आणि चकचकीत करून घ्यावे. टाक्यांसाठी खाच काढणारे हत्यार शोभेच्या रेघेसाठी वापरू नये. ते वरचा थर खरवडून काढते, आतले तंतू उघडे पडतात आणि त्यांत मळ बसतो.

एक गोष्ट दादांच्या बाजूने सांगणे आवश्यक आहे. आपली पाकिटे सालीऐवजी क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या मऊ कातड्याची असतील तर वरील बरेचसे लागू पडत नाही. ते कातडे ओले करून दाबले तरी वाळल्यावर रेघ फुगून नाहीशी होते. तिथे कोरड्या कातड्यावर गरम टोकच चालते, मग ते विजेवर तापवा की स्पिरिटच्या दिव्यावर. आमच्या पिशव्यांच्या रेघा दादा त्याच इलेक्ट्रिक क्रीजरने ओढतात आणि त्या उत्कृष्ट असतात. तापमान मात्र प्रत्येक नव्या कातड्याच्या तुकड्यावर आधी पाहून ठरवतात, आणि रेघ गडद होऊ लागली की लगेच कमी करतात.