फॉर्मवर १२ मार्क, म्हणजे डिप्रेशनच का?

प्रश्न: मुलगी नववीत आहे. शाळेत सगळ्यांकडून नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं वगैरे. हिचे २७ पैकी १२ आले आणि बाईंचा फोन, डिप्रेशन आहे म्हणून. घरी तर हसतखेळत असते हो. पोरांनी स्वतः भरलेल्या फॉर्मवर कितपत विश्वास ठेवायचा? – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, वर्णनावरून तो पीएचक्यू-९ दिसतोय. फॉर्म चांगलाय, २००१ पासून जगभर चालतो, पण मुळात मोठ्यांसाठी केलेला आणि काम फक्त चाळणीचं, त्यामुळे बाईंनी थेट निदान सांगणं जरा अतीच झालं.

असा फॉर्म तपासतात कसा, तर मुलांनी तो भरायचा, मग त्याच मुलांशी तज्ज्ञांनी सविस्तर बोलायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. अमेरिकेत १३ ते १७ वयाच्या मुलांवर हे केलं (२०१० चा अभ्यास), ‘इथून पुढे डिप्रेशनची शंका’ ही रेषा ११ मार्कांवर ठरली, डिप्रेशन असलेल्या शंभरातली नव्वदेक सापडली पण नसलेल्या शंभरातली बावीस-तेवीस उगाच अडकली. आता १००० मुलांच्या शाळेत समजा ५० जणांना खरंच त्रास आहे, तर त्यातले ४५ सापडतील आणि धडधाकट दोनशेच्या वर पोरंही रेषेपलीकडे जातील, म्हणजे फोन गेलेल्या सहा घरांत खरं प्रकरण साधारण एका घरी! आणि कोलकात्यात शाळकरी मुलांवर तपासलं तेव्हा रेषा चक्क ५ वर आली. म्हणून शाळेला विचारा, हा मराठी फॉर्म मराठी मुलांवर तपासलाय का, की कुणीतरी भाषांतर करून झेरॉक्स वाटल्या? आणि नाव लिहून, मैत्रिणीला खेटून बसून भरला असेल तर उत्तरं कितपत खरी, तुम्हीच सांगा.

पण म्हणून फॉर्म फेकून देऊ नका. हसतखेळत असण्यावर मी तरी जाणार नाही, या वयात पोरं आईबापापासून बरंच लपवतात. मार्क कुठे पडलेत ते बघा. झोप, थकवा, लक्ष न लागणं इथेच असतील तर रात्रीचा मोबाईल आणि सकाळची सातची शाळासुद्धा कारण असू शकते. नववा प्रश्न मात्र वेगळा, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का हा. तिथे ‘अजिबात नाही’ सोडून काहीही असेल तर बेरीज विसरा आणि आजच तिच्याशी शांतपणे, न ओरडता, सरळ विचारून बोला. विचारल्याने डोक्यात भरतं वगैरे काही नसतं. बाकी १२ आलेत तर एकदा समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवाच, आणि तोवर कधीही टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.