लावा, बटेर आणि भाताची लावणी

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडला राहतो. गावाकडची आमची आजी त्या छोट्या गोल पक्ष्याला लावा म्हणायची, इकडे हॉटेलच्या मेन्यूवर बटेर लिहिलेलं असतं. दोन्ही एकच ना? आणि भाताच्या लावणीच्या दिवसांत दिसतो म्हणून लावा, असं एक काका म्हणाले, ते खरं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: काकांची थिअरी ऐकायला झकास आहे, पण जमत नाही. लावणी आली लावणे वरून, आणि लावणे म्हणजे लागणेचं प्रयोजक रूप, रोपं लागतात, आपण ती लावतो. पक्ष्याचा लावा आला थेट संस्कृत लाव वरून, लावक असंही म्हणायचे. चरकसंहितेत मांसाच्या प्रकरणात हा लाव आहे, तोही विष्किर गटात, म्हणजे पायाने माती उकरून, विस्कटून दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांत. संस्कृतात लू म्हणजे कापणे, लावक म्हणजे कापणी करणारा असाही अर्थ होतो, म्हणून काहीजण पक्ष्याला थेट शेतातल्या कापणीशी जोडतात, मला मात्र ते जरा ओढूनताणून वाटतं.

बटेरचं घराणं वेगळं. संस्कृतात वर्तिका, वर्तीर असे शब्द होते, प्राकृतात र्त चा ट्ट झाला (आपली वाट पण अशीच, वर्त्म वरून), हिंदीत व चा ब झाला आणि बटेर तयार. लखनौच्या बटेरबाजीने, म्हणजे बटेरांच्या झुंजींनी, तो आणखी गाजला. पण वर्तिका जुनी किती बघा, ऋग्वेदात अश्विनीकुमार तिला लांडग्याच्या तोंडातून सोडवतात, आणि ग्रीकमधला ऑर्टिक्स हा तिचाच भाऊबंद, अर्थही तोच! पालीत ती वट्टक झाली, जातककथेत वट्टकाचं पिल्लू वणवा थोपवतं.

आता एकच का, तर पूर्ण नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात, झुडपांत पायाखालून अचानक भुर्रर्र करून अख्खा थवा उडतो आणि आपला जीव जातो ना, तो बहुतेक जंगली लावा, शास्त्रीय नाव पेर्डिक्युला एशियाटिका. हॉटेलातला असतो फार्ममधला जपानी बटेर, त्याचं अंडं साधारण 10 ग्रॅमचं आणि 17-18 दिवसांत पिल्लू बाहेर. जंगलातला मात्र धरायचा नाही हं, 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, कुणी रानातला आणून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.